पदवीचा हिशेब पहिल्या पगारावर संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिबरल आर्ट्सची पदवी पैशाच्या दृष्टीने परवडते का, या प्रश्नावर आपल्या पत्रस्तंभात सध्या वाद रंगला आहे. त्यात दोन्ही बाजू एकाच आकड्याभोवती फिरत आहेत: पहिल्या नोकरीचा पगार. एक बाजू म्हणते, तो फार कमी असतो. दुसरी म्हणते, पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे. दुसरीचे म्हणणे खरे आहे, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाही. विषय पैशाचा काढला असेल तर हिशेब पुरा मांडावा. शिक्षणखर्चाची आकडेमोड करणाऱ्यांना तो कसा मांडावा लागतो आणि तो कुठे फसतो, ते इथे लिहीत आहोत.

आमचा मुद्दा थोडक्यात असा. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र अशा विषयांच्या, म्हणजे लिबरल आर्ट्सच्या, पदवीची कमाई उशिरा येते आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता लवकर येतो. पदवी महाग की स्वस्त, हे बऱ्याच अंशी या दोन तारखांमधल्या अंतरावर ठरते.

उदाहरण घेऊ. आकडे काल्पनिक आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. शाळा संपल्यावर लगेच कामाला लागणाऱ्या तरुणाचा पहिल्या वर्षाचा पगार १०० धरू. महागाई वजा जाता तो दरवर्षी १ टक्क्याने वाढतो. या तरुणाला ‘मित्र’ म्हणू. दुसरा तरुण, आपला विद्यार्थी, चार वर्षांच्या पदवीला जातो. शिष्यवृत्ती वगळून त्याची फी वर्षाला ६०. पदवीनंतर त्याला १२० पगाराची नोकरी लागते आणि तो पगार महागाई वजा जाता वर्षाला २ टक्क्यांनी वाढतो. दोघेही वयाच्या १८व्या वर्षी सुरुवात करतात आणि साठीला थांबतात.

पदवीचा खर्च किती झाला? बहुतेक घरांत उत्तर येते २४०, म्हणजे चार वर्षांची फी. पण त्याच चार वर्षांत मित्राने १००, १०१, १०२ आणि १०३ असे मिळून ४०६ कमावले. ते आपल्या विद्यार्थ्याने कमावले नाहीत. खरा खर्च ६४६ आहे आणि त्यात फीचा वाटा दोन पंचमांशाहूनही कमी. फीवर महिनोन्महिने घासाघीस करणारे पालक या बुडालेल्या पगाराचा आकडा कधी कागदावर लिहीत नाहीत, कारण त्याची पावती कोणी फाडत नाही. उलट जेवणखाण आणि राहण्याचा खर्च मात्र हौसेने पदवीच्या नावावर टाकला जातो. तो माणूस कॉलेजला गेला नसता तरी जेवलाच असता. घरापासून दूर राहिल्यामुळे जेवढा जादा खर्च होतो तेवढाच या हिशेबात धरायचा.

आता वसुली. पदवीधर कामाला लागतो तेव्हा मित्राचा पगार १०४ झालेला असतो. म्हणजे पहिल्या वर्षी पदवीने मिळवून दिले फक्त १६. दहाव्या वर्षी हा फरक सुमारे ३० होतो, विसाव्या वर्षी ४९. या फरकांची बेरीज करत गेल्यास ६४६ चा खड्डा भरून निघतो नोकरीच्या २१व्या वर्षी, वय बेचाळीस असताना. त्यानंतरची अठरा वर्षे निव्वळ नफ्याची, आणि तेव्हा फरकही सर्वांत मोठा असतो. पहिल्या पगारावरून पदवीची किंमत करणारा माणूस या सगळ्या चित्राचे एक टोक बघतो.

पण चाळीस वर्षांची सरळ बेरीज करून ‘पदवीधर आयुष्यभरात अमुक लाख जास्त कमावतो’ असे सांगणाराही तितकाच चुकतो. बेचाळिशीतला रुपया आणि आजचा रुपया एक नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक वर्षाच्या रकमेला वटाव लावून, म्हणजे ती जितकी वर्षे उशिरा येणार तितक्या वेळा ठरावीक दराने घटवून, तिचे आजचे मूल्य काढावे लागते. वरच्याच उदाहरणात महागाई वजा जाता २ टक्के दराने वटाव लावला तर पदवीचा निव्वळ फायदा ५२३ येतो, म्हणजे मित्राच्या पाच वर्षांहून अधिक पगाराएवढा. दर ४ टक्के धरला की फायदा १०४ वर येतो. ६ टक्के धरला की १२७ चा तोटा! पगार तेच, फी तीच, पदवी तीच. नफा-तोट्याची सीमा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडते. त्यामुळे ‘या पदवीचा परतावा इतका’ असा एकच आकडा कोणी तोंडावर फेकला तर पहिला प्रश्न विचारावा: वटाव किती धरला? बहुतेकदा उत्तर असते, अजिबात नाही.

दर निवडायचा कसा? कर्ज काढणार असाल तर कर्जाचा व्याजदर वजा अपेक्षित महागाई, हा किमान दर. स्वतःच्या बचतीतून देणार असाल तर तीच रक्कम सुरक्षित गुंतवणुकीत ठेवल्यावर महागाई वजा जाता काय मिळाले असते, तो. ज्या पदवीची कमाई मागच्या वर्षांत साठलेली असते तिला चढा वटाव जास्त बोचतो. सुरुवातीलाच भरघोस पगार देणाऱ्या पदवीला तो तितका बोचत नाही. महाग कर्ज म्हणूनच सर्व पदव्यांचे सारखे नुकसान करत नाही.

कर्जाकडे वळू, कारण खरे घोळ तिथेच होतात. आपल्या विद्यार्थ्याने सगळी फी कर्जाने भरली असे समजू. महागाई वजा जाता व्याज ५ टक्के. शिकत असतानाही व्याज चढत राहते, त्यामुळे पदवी हातात येते तेव्हा २४० चे २७२ झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर वर्षाचा हप्ता ३५. पहिल्या वर्षी पदवीने जादा दिले १६ आणि हप्ता गेला ३५. पगार १२०, हप्ता वजा जाता उरले ८५. शिकायला न गेलेला मित्र त्या वर्षी १०४ घरी नेतो. बरे, ही फक्त पहिल्या वर्षाची अडचण नाही. दहाव्या वर्षीही जादा कमाई ३० च्या आतच असते. म्हणजे कर्ज पूर्ण फिटेपर्यंत एकाही वर्षी पदवीची जादा कमाई हप्त्याला पुरत नाही. आयुष्याच्या हिशेबात फायद्याची ठरणारी पदवी विशी-तिशीत माणसाला मित्राहून गरीब ठेवते. याच काळात हप्ता थकतो, दंडव्याज लागते, कर्जाची पत बिघडते. आणि हप्ता भागावा म्हणून माणूस हाताला येईल ती नोकरी धरतो. २ टक्क्यांची वाढ मिळवून देणारी नोकरी शोधायला लागणारा वेळ त्याच्यापाशी उरतच नाही. कर्ज असे पदवीची पुढची कमाईही खाते.

तेच कर्ज २५ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता १९ वर येतो आणि नोकरीच्या चौथ्या वर्षापासून जादा कमाई त्याला पुरू लागते. एकूण परतफेड मात्र ३५२ ऐवजी ४८२ होते. यातले काय निवडावे हे प्रत्येकाच्या परिस्थितीवर आहे, पण मुदत निवडताना ‘एकूण व्याज किती जाईल’ एवढेच बघण्याची सवय या पदवीच्या बाबतीत घातक ठरते. शक्य असेल तर लांब मुदत घ्यावी, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही याची लेखी खात्री करून घ्यावी आणि पगार वाढेल तसे मुद्दल आधी उतरवावे.

किती कर्ज झेपेल याची आमची कसोटी साधी आहे. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत पदवीमुळे जी जादा कमाई अपेक्षित आहे तिची वार्षिक सरासरी काढा. हप्ता त्याच्या वर जाऊ देऊ नका. उदाहरणात ही सरासरी १८.७ येते. दहा वर्षांच्या मुदतीत एवढ्या हप्त्यात पदवीच्या दिवशीचे १४५ चे कर्ज फिटते, म्हणजे मूळ फीपैकी सुमारे १२८ च कर्जाने भरता येतात. उरलेले ११२ शिष्यवृत्ती, बचत किंवा शिकता शिकता केलेल्या कामातून यायला हवेत. नाहीतर कमी फीचे कॉलेज शोधायला हवे. ‘एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराहून जास्त नको’ हा सल्लागारांचा जुना ठोकताळा इथे बरोबर बसतो: १२० च्या कर्जाचा दहा वर्षांचा हप्ता साडेपंधरा येतो आणि पहिल्या वर्षाची जादा कमाई १६ आहे.

काही देशांनी ही तारखांची विसंगती कर्जाच्या रचनेतच सोडवली आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये उत्पन्नाशी बांधलेली परतफेड सुरू केली. इंग्लंडमध्ये पदवीधर ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाचे ९ टक्के भरतो. उत्पन्न मर्यादेखाली असेल तर हप्ता शून्य, आणि ठरलेल्या वर्षांनंतर उरलेली बाकी माफ होते. असे कर्ज आणि ठरावीक मासिक हप्त्याचे कर्ज यांची रक्कम सारखी असली तरी लिबरल आर्ट्सच्या विद्यार्थ्यासाठी ती दोन वेगळी ओझी आहेत. एका देशातल्या पदवीधरांचा अनुभव दुसऱ्या देशातल्या पालकांना सांगताना हा फरक नेमका गाळला जातो.

हिशेब बिघडवणाऱ्या आणखी दोन गोष्टींकडे फार कमी लक्ष जाते. पहिली, लागलेले जादा वर्ष. चारऐवजी पाच वर्षे लागली तर एक वर्षाची फी वाढते आणि पगाराचे एक वर्ष जाते. ४ टक्के वटावाने आपल्या उदाहरणात त्याचा फटका २०६ चा आहे. १०४ चा नफा १०२ च्या तोट्यात जातो. जादा वर्ष का लागते? बहुधा अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे. मुख्य विषय उशिरा बदलला आणि आधीचे श्रेयांक (क्रेडिट) नव्या विषयात धरले गेले नाहीत. सक्तीचा एखादा विषय दर दोन सत्रांतून एकदाच शिकवला जातो आणि नेमका तोच चुकला. कॉलेज बदलले आणि जुन्या कॉलेजचे निम्मे श्रेयांक ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला पडले. प्रवेशाच्या आठवड्यातच चारही वर्षांचा विषयवार तक्ता विभागाकडून सहीनिशी घेतला, तर यातले बरेचसे टळते. अनेक विषय चाखून पाहायला मिळतात हे या पदवीचे बलस्थान खरे, पण चाखणे पहिल्या तीन सत्रांत आटोपावे.

दुसरी गोष्ट गळती. दोन वर्षांनी शिक्षण सोडले तर फी गेली, दोन वर्षांचा पगार गेला आणि पगारवाढ मात्र जवळपास काहीच नाही, कारण नोकरी देणारा अर्धवट पदवीला फारसा भाव देत नाही. आजच्या मूल्यात हे नुकसान ३१५ आहे. चारात एक विद्यार्थी असा गळतो असे धरले, की सरासरी फायदा १०४ वरून थेट शून्यावर येतो. म्हणून कॉलेजला विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले, हा असतो. आणि हे प्रमाण आपल्या मुलासारख्या विद्यार्थ्यांचे विचारावे: त्याच गुणांच्या गटातले, तेवढेच शुल्क भरणारे. सगळ्यांची सरासरी सांगितली तर हुशार मुलांच्या आड कमकुवत गटाची गळती लपते.

प्लेसमेंटच्या आकड्यांबद्दल लिहू तेवढे थोडे. शंभर पदवीधर झाले. साठ जणांनी पाहणीला उत्तर दिले. त्यातल्या ४५ जणांना नोकरी आहे. कॉलेज छापते ‘७५ टक्के’. छेदात साठऐवजी शंभर घातले की तेच ४५ टक्के होतात. न उत्तर देणाऱ्यांतही काहींना नोकरी असणारच, पण नोकरी लागलेले उत्तर द्यायला अधिक उत्सुक असतात, हे कुणालाही कळते. पुढच्या शिक्षणाला गेलेले कधी छेदातून वगळले जातात, तर कधी ‘मार्गी लागलेले’ म्हणून अंशात घेतले जातात. अर्धवेळ नोकरी आणि ज्याला पदवी लागतच नाही असे काम, दोन्ही नोकरीच. शिवाय ‘सरासरी पॅकेज’: दोघा-तिघांना गडगंज पगार मिळाला की सरासरी वर जाते आणि रांगेतला मधला विद्यार्थी जिथे होता तिथेच राहतो. कॉलेजकडे मध्यक, म्हणजे या मधल्या विद्यार्थ्याचा पगार, मागा. त्याबरोबर तळच्या पाव भागातल्या विद्यार्थ्यांचा पगारही मागा, कारण लिबरल आर्ट्समध्ये वरच्या आणि खालच्या पगारांतले अंतर मोठे असते. या शाखेतल्या वरच्या चतुर्थांशातले पदवीधर अभियांत्रिकीच्या खालच्या चतुर्थांशाहून जास्त कमावताना दिसतात. या विस्तारामुळेच सरासरीवर विसंबून काढलेले कर्ज अंगाशी येते.

पहिल्या नोकरीबद्दल एक इशारा. पहिला पगार मोजमापाला अपुरा असला, तरी पहिली नोकरी कोणत्या प्रकारची आहे याला फार महत्त्व आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४३ टक्के पदवीधरांची पहिली नोकरी पदवीची गरज नसलेली होती; आणि त्यांतले दोन तृतीयांश पाच वर्षांनंतरही तशाच नोकरीत होते. ‘सध्या काहीतरी धर, मग बघू’ या सल्ल्याची ही किंमत आहे. आपल्या उदाहरणात पगारवाढ २ ऐवजी दीड टक्का झाली, तर १०४ चा फायदा १०५ चा तोटा होतो. अर्ध्या टक्क्याचा खेळ!

आता प्रत्यक्ष अभ्यास काय सांगतात? जॉर्जटाउन विद्यापीठाच्या शिक्षण व मनुष्यबळ केंद्राने २०२० मध्ये अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा परतावा मोजला. दहा वर्षांच्या टप्प्यावर त्यांचा मध्यक परतावा ६२,००० डॉलर होता, सर्व कॉलेजांचा १,०७,०००. चाळीस वर्षांच्या टप्प्यावर चित्र उलटे झाले: ९,१८,००० विरुद्ध ७,२३,०००. उशिरा येणाऱ्या कमाईचा याहून स्पष्ट पुरावा क्वचित सापडेल. लिबरल आर्ट्सचे समर्थक हा आकडा वारंवार देतात आणि सोबतच्या अटी विसरतात. ही कॉलेजे आहेत, विषय नव्हेत; त्यांत अर्थशास्त्र, जीवशास्त्र, संगणक घेणारेही आहेत. त्यांपैकी अनेक कॉलेजे निवडक प्रवेश देणारी, सुस्थितीतल्या घरांतली मुले घेणारी. आणि पुष्कळ विद्यार्थी पुढे कायदा, वैद्यक, व्यवस्थापन करतात; त्या दुसऱ्या पदवीची कमाई पहिलीच्या खात्यावर जमा होते, तिचा खर्च मात्र होत नाही. मानव्यविद्यांचे पदवीधर पन्नाशीनंतर व्यावसायिक पदवीधरांना मागे टाकतात, असे सांगणाऱ्या अहवालांतही हीच सरमिसळ असते. पुढच्या पदवीचा पर्याय खुला राहतो, याला किंमत आहे. पण तो वापरला तर आणखी दोन-तीन वर्षांची फी आणि बुडालेला पगार तक्त्यात वेगळा लिहायला हवा.

तुलनेतल्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे उपयोजित शाखांचा, पुरावा अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांच्या २०२० च्या अभ्यासाचा. संगणक, अभियांत्रिकी अशा उपयोजित शाखांची पगारातली आघाडी नोकरीच्या पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक घटते, कारण या कामांतली कौशल्ये भराभर जुनी होतात. हे वाचून कलाशाखेवाल्यांनी हुरळून जाऊ नये. आघाडी घटते, पण पहिल्या दहा वर्षांत कमावलेले परत द्यावे लागत नाही, आणि वटावाच्या हिशेबात लवकर आलेला पैसा वजनदार असतो.

इंग्लंडमधल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या आर्थिक संशोधन संस्थेच्या २०२० च्या अभ्यासात कर आणि कर्जफेड वजा जाता पदवीचा आयुष्यभराचा सरासरी फायदा आजच्या मूल्यात पुरुषांना सुमारे १,३०,००० पौंड, स्त्रियांना सुमारे १,००,००० पौंड आला. पण सुमारे एक पंचमांश विद्यार्थी पदवीला गेले नसते तर पैशाच्या दृष्टीने बरे राहिले असते. चित्रकला, नाट्य अशा सर्जनशील कलांमध्ये पुरुषांचा सरासरी फायदा शून्याजवळ होता. ‘कला’ या एका पिशवीत अर्थशास्त्र आणि शिल्पकला कोंबून काढलेली सरासरी कुणाच्याच कामाची नाही.

मग मुलाला सरळ जास्त पगाराच्या शाखेत का घालू नये? नॉर्वेमध्ये प्रवेशाच्या कटऑफच्या थोडे वर आणि थोडे खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. कोणत्या संस्थेत शिकलात यापेक्षा कोणता विषय शिकलात याचा पगारावर मोठा परिणाम दिसला. त्याचबरोबर असेही दिसले, की विद्यार्थी ज्यात तुलनेने सरस आहेत तो विषय निवडण्याकडे त्यांचा कल असतो. म्हणून ज्याची दुसरी पसंतीही अभियांत्रिकी नाही त्याला तिथे ढकलले, तर त्या शाखेची सरासरी त्याच्या पदरात पडेल याची खात्री नाही. गळतीचा धोका वाढेल, आणि गळतीचा हिशेब वर दिलाच आहे. तुलना नेहमी त्या विद्यार्थ्याच्या खऱ्याखुऱ्या दुसऱ्या पर्यायाशी करावी, शेजाऱ्याच्या मुलाशी नव्हे.

नामांकित कॉलेजसाठी दुप्पट फी द्यावी का? अर्थतज्ज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांच्या २००२ च्या अभ्यासात, अधिक निवडक कॉलेजमध्ये प्रवेश मिळूनही कमी निवडक कॉलेजला गेलेले विद्यार्थी पुढे जवळपास तेवढेच कमावताना दिसले. अपवाद गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांचा. त्यांना निवडक कॉलेजचा फायदा झाला, बहुधा ओळखीपाळखी आणि संधी घरातून मिळणार नसतात म्हणून. मोठ्या नावासाठी कर्ज काढण्याआधी आपण कोणत्या गटात बसतो हे बघावे.

फीबद्दल एवढेच, की छापील फीवर निर्णय करू नये. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांना छापील शिक्षणशुल्कात सरासरी निम्म्याहून अधिक सवलत मिळते, आणि २०११ पासून तिथल्या कॉलेजांना निव्वळ फीचा गणक संकेतस्थळावर ठेवावा लागतो. जिथे गणक नाही तिथे लेखी पत्र मागावे, आणि त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: सवलत पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षांची, टिकवायला किती गुण लागतात, फी वाढली तर सवलतही वाढते का. पहिल्या वर्षी भरघोस सवलत देऊन दुसऱ्या वर्षी गुणांच्या अटीवर ती काढून घेणे ही काही संस्थांची जुनी युक्ती आहे. मदतीच्या पत्रात कर्जालाही ‘साहाय्य’ म्हणून जमेला धरलेले असते. ते आधी खोडून मग बेरीज करावी.

आणि सर्वांत स्वस्त सुधारणेला जादा फी लागतच नाही. आपल्या उदाहरणात पहिला पगार १२० ऐवजी १३० झाला, वाढीचा दर तोच राहिला, तर आजच्या मूल्यात २३२ ची भर पडते. चार वर्षांची संपूर्ण फी माफ झाल्यासारखेच हे आहे! हे १० कुठून येतात? त्याच फीत घेता येणाऱ्या ऐच्छिक विषयांतून: संख्याशास्त्राची दोन सत्रे, माहितीसंच हाताळण्याइतके प्रोग्रॅमिंग, हिशेबतपासणीची तोंडओळख, नोकरीत वापरता येईल इतकी पक्की एक परभाषा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुराव्याची छाननी येते, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रश्नावली करता येते; त्याला आकडे हाताळण्याची जोड मिळाली की बाजार संशोधन, धोरण विश्लेषण, विमा, संपादन, मनुष्यबळ अशा खात्यांची दारे उघडतात. नुसते ‘विचारक्षमता’ असे अर्जावर लिहून ती उघडत नाहीत. पगारी इंटर्नशिप दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच धरावी. शेवटच्या वर्षी धरलेल्या इंटर्नशिपचे नोकरीत रूपांतर व्हायला वेळ उरत नाही. लेखनाचे, विश्लेषणाचे पाच-सहा पुरे केलेले नमुने तयार असावेत, प्रबंध एकच असला तरी चालेल.

ज्यांना स्वतः मांडून पाहायचे आहे त्यांनी स्प्रेडशीटमध्ये वयाच्या १८ पासून ६० पर्यंत एकेक ओळ घ्यावी. रकाने पाच: पदवी न घेता मिळणारा पगार, पदवीधराचा पगार, फी, यांतून निघणारा फरक, आणि वटाव लावलेला फरक. दोन्ही पगार करोत्तर घ्यावेत. नोकरीत खंड पडण्याची शक्यता असेल तर ती वर्षे दोन्ही बाजूंना शून्य करावीत. मग शिक्षणाचे एक वर्ष वाढवून, पगारवाढ अर्ध्या टक्क्याने घटवून आणि वटाव दोन टक्क्यांनी चढवून तक्ता तीनदा पाहावा. तिन्ही वेळा फायदा राहिला तर निर्धास्त जावे. एकदाच राहिला तर फी किंवा कर्ज कमी करण्याची वाट आधी शोधावी. हे काम एका संध्याकाळचे आहे, आणि ते विद्यार्थ्यानेच करावे. पालकांनी शेजारी बसावे.

आपल्याकडे एक विनंती. प्रवेशाच्या हंगामात आपल्या पुरवणीत पदव्यांचे पगारवार तक्ते येतात, त्यांत चार रकाने वाढवावेत: दहा वर्षांनंतरचा मध्यक पगार, वेळेत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, पगाराच्या पाहणीला किती जणांनी उत्तर दिले तो आकडा, आणि सवलत वजा जाता प्रत्यक्ष भरलेली सरासरी फी. जी संस्था यातला एखादा आकडा देणार नाही तिच्या नावापुढे रकाना रिकामा ठेवून तक्ता तसाच छापावा.

आपले,
शिक्षणखर्च-नियोजनाच्या क्षेत्रातले काही वाचक